देवरावचे गाळलेले तीन शब्द

एका चॅनलवाल्याने देवरावला फसवलं. मलाही फसवलं. माझं एक वेळ सोडून देतो, कारण मी बाजारात उभा राहून मोठा झालेला माणूस आहे. फसणं आणि सावरणं माझ्या धंद्यातच आहे. देवराव बाजारातला नव्हता. त्याच्याजवळ विकण्यासारखं काही नव्हतंच. होते ते तीन शब्द, आणि चॅनलवाल्याने नेमके तेच काढून घेतले.

त्या माणसाचं नाव मला पाठ आहे. इथे लिहीत नाही. नाव छापलं की त्याचे बघणारे वाढतील, आणि त्याला माझ्याकडून फुकट काही मिळू नये अशी माझी इच्छा आहे.

देवराव मूळचा रिठदचा. मंगरूळपीरला त्याला सगळे ‘रूसवाले’ म्हणत. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पिठाच्या गिरणीच्या वर त्याची भाड्याची खोली होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडंच होतं. टेबलावर लॅपटॉप चालू होता, त्यात कोणी बाई रशियन भाषेत बोलत होती, मागे धुरात एक पडकी इमारत दिसत होती. आणि हा माणूस लॅपटॉपकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेला. बाईचं वाक्य संपलं की तेच वाक्य हा भिंतीला वऱ्हाडीत ऐकवायचा. “पाहाटे आवाज झाला. मले वाटलं भूकंप हाये.” मग हात मागे नेऊन, न बघता, बटण दाबून सिनेमा थांबवायचा. मला वाटलं, आपण चुकीच्या माणसाकडे आलो.

“रूसवाले तुमीच का?” मी विचारलं.

“मीच. बसा. खुर्चीवर बसान तं सिनेमा दिसन, खाटेवर बसान तं मी दिसन. काय पाहाचं थे तुमी ठरवा.”

मी खाटेवर बसलो. माझी मुलगी सोनल डॉक्टरकी शिकायला रशियात जाणार होती. तिथल्या कॉलेजचं पत्र आलं होतं. एजंट म्हणत होता सगळं ठीक आहे, पण एजंटचं मी ऐकत नाही. आपल्या भागातली बरीच मुलं हल्ली तिकडे जातात, आणि त्यांचे आईबाप कागद वाचून घ्यायला देवरावकडे येतात. त्यावरच त्याचं पोट चालायचं.

“काय घेता वाचायचे?” मी सुरुवात केली.

“आधी वाचू तं द्या. कागद खोटा निंघाला तं तुमाले त्याचं दुख, अन् वरून मी पैसे घेऊ काय?”

भाव न करणारा माणूस मला आवडत नाही. संशय येतो. पण त्याने पत्र ओळ न् ओळ वाचून सांगितलं, खरं निघालं, आणि मोबदल्यात त्याने खालच्या टपरीवरचा चहा मागवला. निघताना मी विचारलं, “पोरगी तिथं सुरक्षित राहीन नं?”

“मले मालूम नाही.”

माझं डोकंच फिरलं. “मंग कोनाले मालूम हाये? इतके वर्षं तिथं राह्यले तुमी!”

“राह्यलो. म्हनूनच सांगून राह्यलो. मले मालूम नाही.”

एजंटने पक्की हमी दिली होती. हमी देणाऱ्या माणसाला मी आतून-बाहेरून ओळखतो, कारण दिवसभर सोयाबीनच्या ढिगासमोर उभा राहून मीही हमीच देतो. हमी न देणारा माणूस पहिल्यांदा भेटत होता. रागारागात जिना उतरलो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चढलो. सोनलला पाठवलं तेही त्याच्या त्या उत्तरानंतरच. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्याची गोष्ट त्याने कधी एका बैठकीत सांगितली नाही. मला तुकड्यातुकड्यांनी कळली. तरुणपणी तो शिष्यवृत्तीवर मॉस्कोला इंजिनियरिंग शिकायला गेला. तिथेच व्हेराशी लग्न केलं. शहराच्या कडेला, कामगारांच्या वस्तीत, एका उंच इमारतीत दोघं राहत. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तो एकटा रिठदला आला. हळद लागायच्या दिवशी कोणीतरी रेडिओवर ऐकून सांगितलं की मॉस्कोत राहती इमारत स्फोटाने पडली. नाव त्याच्याच वस्तीचं होतं, आणि व्हेरा घरी होती. बहिणीचं लग्न मोडू नये म्हणून तो हळदीत काही बोलला नाही. अक्षता पडल्या आणि मग निघाला. तो पोहोचला तेव्हा जागा सपाट होती. यंत्रांनी सगळं उचलून नेलं होतं.

“मी पडलेली इमारत पाह्यलीच नाही, शेठ,” तो मला म्हणाला होता. “मी पाह्यलं थे मैदान.”

त्यानंतर त्याने ती पडलेली इमारत पडद्यावरही कधी पाहिली नाही. सिनेमे मात्र ऐकायचा. रशियात त्या वेळी राहत्या इमारतींत झालेल्या स्फोटांवर, नंतर नाट्यगृहात ओलीस धरलेल्या लोकांवर, शाळेवरच्या हल्ल्यावर बरेच माहितीपट झाले आहेत. सरकारने सांगितलं हे अतिरेक्यांचं काम, ते खरं का, असं विचारणारे. त्याने मिळतील तेवढे जमवले होते. चित्राकडे पाठ करून तो आवाज ऐकायचा आणि मराठीत सांगायचा. मी जायला लागल्यापासून मला सांगायचा. आधी भिंतीला सांगायचा, एवढाच फरक.

त्याची एक रीत होती, आणि सगळं पुढे त्या रीतीवरच आलं म्हणून ती नीट सांगतो. सिनेमातला माणूस जे बोलला ते तो जसंच्या तसं बोलायचा. ‘तो म्हणतो’, ‘त्याचं म्हणणं असं’ असलं काही लावायचा नाही. त्या माणसाने ‘मी पाहिलं’ म्हटलं तर देवरावही ‘मी पाह्यलं’ म्हणायचा. आणि वाक्य पुरं झालं की थोडं थांबून स्वतःचं जोडायचा: “मले मालूम नाही.” प्रत्येक दाव्यानंतर. न चुकता. मी एकदा वैतागलो. “एकदा सांगितलं नं, मालूम नाही म्हनून! दर वेळेस काहून?”

“शेठ, तुमी एका पोत्यातला नमुना पाहून सारा ट्रक घेता का?”

“घेत नाही.”

“मंग? पोत्यागनिक पाहा लागते नं.”

पोत्यांवरून आमचं मोठं भांडणही झालं. एका सिनेमात असं होतं की दुसऱ्या एका शहरात इमारतीच्या तळघरात पोती सापडली. आधी सांगितलं स्फोटकं आहेत, मग सरकारने सांगितलं की तो सराव होता आणि पोत्यांत साखर होती. सिनेमा विचारत होता, साखर होती तर पहिल्या तपासणीत स्फोटक कसं दिसलं? मी उसळलो.

“साखर हाये का नाही हे पाहाले सिनेमा काढा लागते? चिमूटभर जिभीवर ठेवाची!”

“तुमी ठेवली असती?”

“ठेवली असती!”

“अन् साखर नसती तं?”

तो पहिल्यांदा हसताना दिसला, तेही भिंतीकडे बघून. “तुमची जीभ गेली असती, शेठ, अन् बाजारात शांतता झाली असती.”

“बरं, मंग काय होतं त्या पोत्यात? इतकी वर्षं ऐकून राह्यला तू.”

“मले मालूम नाही. मालूम असतं तं ऐकलं असतं काय?”

तो सिनेमेवाल्यांचाही भक्त नव्हता. एखाद्या सिनेमाबद्दल म्हणायचा, “हा खोटं बोलून नाही राह्यला, पन घाई करून राह्यला.” दुसऱ्याबद्दल म्हणायचा, “याले पैसा देनारा सरकारचा वैरी हाये. थेही मनात ठेवा.” सरकारवर विश्वास नाही, सरकारच्या वैऱ्यावरही नाही. बायको गेलेल्या माणसाला कोणावर तरी खापर फोडता आलं तर थोडं हलकं वाटतं. देवरावने स्वतःला तेवढंही हलकं होऊ दिलं नाही. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, तो एकटा होता तो यामुळेच. ज्याच्याजवळ उत्तर असतं त्याच्याभोवती माणसं जमतात. याच्या खोलीत मी एकटाच जमायचो.

दर रविवारी दुपारी मात्र तो खोलीत कोणालाही थांबू द्यायचा नाही. त्या वेळी तो व्हेराच्या आईला फोन लावायचा. म्हातारी तिकडे एका खेड्यात एकटी राहायची. तिला तो रशियन रीतीने ‘मामा’, म्हणजे आई, म्हणायचा, त्यामुळे खालच्या गिरणीवाल्याला बरीच वर्षं वाटत होतं की भाच्याचं मामाशी फार पटतं. मी एकदा विचारलं, काय बोलता? “तिच्या काकड्या. बर्फ. माहा गुडघा. दुसरं काय?” व्हेराबद्दल? “तिच्याबद्दल कायले बोला लागते? आमी दोघंच तं हाओ तिले वळखनारे.”

सोनल तिकडे शिकत असताना एका सकाळी बातमी आली की मॉस्कोजवळ गाण्याच्या कार्यक्रमात हल्ला झाला. सोनल दुसऱ्या शहरात होती, पण फोन लागेना. मी दुकानाच्या दारात उभा राहून हमालांवर ओरडत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. समोरून देवराव येताना दिसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. कानात रशियन बातम्या लावून तो माझ्या गादीवर बसला आणि ऐकून ऐकून सांगत राहिला. मी म्हटलं, “देवराव, एक डाव म्हन नं का पोरगी ठीक हाये.”

त्याने माझा हात धरला. “मले मालूम नाही, शेठ. पन तिच्या शहराचं नाव अजून कोनं घेतलं नाही. घेतलं तं मी लपवनार नाही.”

दुपारी सोनलचा फोन आला. झोपली होती, फोन बंद होता. मी तिला इतक्या शिव्या घातल्या की ती रडली. देवराव उठून चपला घालत होता. मी पाहिलं, त्याने एका पायात माझी चप्पल घातली होती आणि तसाच निघाला होता. तेव्हापासून तो माझा सख्खा.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी चॅनलवाला आला. शहरातला, गोड बोलणारा, पायात पांढरे बूट. त्याला कुठून तरी कळलं होतं की वाशीम जिल्ह्यात असा असा माणूस आहे. त्याला देवरावच्या आवाजात त्या स्फोटांवरचा एक सिनेमा मराठीत हवा होता. देवराव आधी नाही म्हणाला. मग दोन दिवस विचार करून मला म्हणाला, “शेठ, माह्या मागं हे सवाल आपल्या बोलीत कोन इचारीन? राहू द्या एक डाव.” पैसे नको म्हणाला. एकच अट घातली: बोललेलं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. “अट तुमी बोला,” तो म्हणाला. “मले सौदा येत नाही.”

सौदा मला येतो. धंद्याच्या सुरुवातीला मी बैलबाजारात दलाली केली आहे. तिथे अजूनही रुमालाखाली हात धरून बोटांवर व्यवहार ठरतो. कागद नाही, साक्षीदार नाही. एकदा बोट दाबलं की बैल लंगडा निघाला तरी माणूस फिरत नाही. मी चॅनलवाल्याला गादीवर बसवलं, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. तो हसला, त्याला गंमत वाटली. मी म्हटलं, “एक शब्द घालाचा नाही, एक शब्द काढाचा नाही. पक्कं?” त्याने माझं बोट दाबलं. “पक्कं, काका.” माझ्या दृष्टीने विषय संपला. कागद करावा असं डोक्यातही आलं नाही. रुमालाखाली जो हात आला तो आपल्यातलाच, असं मी धरून चाललो.

रेकॉर्डिंग माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत झालं. पंखा बंद केला, बाहेरची धान्याची चाळणी थांबवली. देवराव नेहमीसारखा पाठ करून बसला आणि पूर्ण सिनेमा बोलला. प्रत्येक दाव्यानंतर, थोडं थांबून, मले मालूम नाही.

व्हिडिओ आला तेव्हा आम्ही दोघं त्याच्या खोलीत होतो. मी खुर्चीवर, तो पाठमोरा. आधी त्याचा फोटो आला, खाली मोठ्या अक्षरांत: स्फोटात पत्नी गमावलेल्या वाशीमच्या माणसाने अखेर सत्य सांगितलं. मग त्याचा आवाज. सिनेमातली मूळची रशियन माणसं सगळी गप्प केलेली होती. त्यांचा आवाजच नाही. फक्त देवराव बोलत होता: “हे काम सरकारच्याच मानसायचं हाये. मले पक्कं ठाऊक हाये.” आणि पुढचं वाक्य लगेच. मधले तीन शब्द नाहीत. एकाही ठिकाणी नाहीत. परक्या माणसाची वाक्यं होती, ती सगळी देवरावची साक्ष होऊन बसली होती.

देवराव वळला. मी ओळखत असल्यापासून पहिल्यांदा तो पडद्याकडे वळला, आपल्याच आवाजात हे कोण बोलतंय ते बघायला. आणि पडद्यावर त्या वेळी इमारत होती. अर्धी उभी, अर्धी पडलेली, धुरात. त्याने ती पाहिली. मी बटण शोधत होतो, मला सापडेना.

मग म्हणाला, “चौथ्या मजल्यापर्यंत राह्यली होती, शेठ. डाव्या बाजूनं. मले कोनं सांगतलंच नाही.” तो आणि व्हेरा त्याच बाजूला, पाचव्या मजल्यावर राहत असत.

मी चॅनलवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “काका, आम्ही काहीच घातलं नाही. एडिट करावंच लागतं. माहीत नाही म्हणणाऱ्याला कोण बघतं?” मी जे बोललो ते छापण्याजोगं नाही. त्याने माझा नंबर बंद करून टाकला. मी एसटीने त्याच्या शहरात गेलो. ज्या पत्त्यावर ऑफिस होतं तिथे एका मुलीने सांगितलं, सर शूटिंगला गेलेत. तीनदा गेलो, तीनदा शूटिंग. पोलिसांकडे गेलो तर तिथला साहेब म्हणाला, “पण आवाज त्यांचाच आहे ना?” देवराव मला म्हणायचा, “जाऊ द्या, शेठ. तुमचं बीपी वाढून राह्यलं.”

पण त्याचं स्वतःचं ‘जाऊ द्या’ फार दिवस टिकलं नाही. व्हिडिओखाली रशियन भाषांतरही चढवलं होतं. म्हातारीच्या पुतण्याने ते तिला वाचून दाखवलं. त्या रविवारी देवरावने फोन लावला तेव्हा ती काकड्यांबद्दल बोलली नाही. तिने एवढंच विचारलं: तुला पक्कं ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं दर रविवारी तू माझ्याशी बर्फाबद्दल बोललास? त्याने सांगून पाहिलं. तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी उचलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तो तरी लावत राहिला. वेळ झाली की खाटेवर बसायचा, फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू करायचा, आणि त्याच्याकडे पाठ करून ती रिंग संपेपर्यंत ऐकायचा. आता रविवारी मला बाहेर काढत नव्हता. एकदा मीच म्हटलं, “बस कर नं देवराव.” तो म्हणाला, “उचलन तं? मले मालूम नाही. म्हनून लावतो.”

दरम्यान गावात त्याला मान मिळायला लागला होता, हा सगळ्यांत वाईट भाग. कागद वाचून घ्यायला आलेले लोक कौतुकाने विचारायचे, तुम्हीच ना ते सत्य सांगणारे? तो म्हणायचा, मले मालूम नाही. लोक हसायचे, डोळा मारायचे. “भेले वाटते रूसवाले. बराबर हाये, मोठ्या लोकाईचं प्रकरन हाये.” आयुष्यभर ज्या शब्दांत तो खरं बोलला, ते शब्द आता भित्र्या माणसाचे झाले होते. हळूहळू त्याने ते बोलणंच सोडलं. विचारलं की नुसती मान हलवायचा.

हिवाळ्यात तो गेला. गिरणीवाला दळण पोहोचवायला वर गेला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. रिठदला त्याच्या भावाच्या मुलाने अग्नी दिला. त्या वेळी जमलेल्यांपैकी दोघांनी मला विचारलं की यात रशियाचा हात असेल का. मी एकाची कॉलर धरली, लोकांनी सोडवलं. मेल्यावरसुद्धा त्या माणसाला एक साधं मरण मिळू दिलं नाही.

मग मी देवरावच्या फोनमधून म्हातारीचा नंबर काढून सोनलला पाठवला. सोनलला आता तिकडची भाषा चांगली येते. तिकडचाच नंबर म्हणून म्हातारीने उचलला. सोनलने सगळं सांगितलं: तो गेला, आणि ते शब्द त्याचे नव्हते, त्याचे शब्द कापले होते. म्हातारी खूप वेळ रडली. मग म्हणाली, “मुली, तू चांगली आहेस. पण मला आजवर सगळ्यांनी सांगितलंच आहे. सरकारने सांगितलं, सिनेमाने सांगितलं, पुतण्याने सांगितलं. मला त्याच्याच तोंडून ऐकव.”

देवराव आवाजाचे मेसेज पाठवायचा नाही. रेकॉर्डिंग त्याने जन्मात एकदाच केलं, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. ते सबंध, न कापलेलं रेकॉर्डिंग एकाच माणसाकडे आहे.

म्हणून हे त्या चॅनलवाल्यासाठी लिहितो. तो स्वतःबद्दल छापलेलं सगळं वाचतो हे मला माहीत आहे. तू ते पुसलं नसशील. तुझ्यासारखा माणूस माल फेकत नाही, दडवतो. मला पैसे नकोत, माफीही नको, तुझा व्हिडिओ तुझ्याजवळ ठेव. तिकडे एक थकलेली बाई दर रविवारी दुपारी आता फोनजवळ बसते, असं सोनल सांगते. तिला देवरावच्या आवाजातले तीन शब्द ऐकायचे आहेत, आणि ती फार रविवार थांबू शकणार नाही. रुमालाखाली तू माझं बोट दाबलं होतंस. बोल, ते शब्द कुठे ठेवलेस? आणि माहीत नाही असं सांगू नकोस. ते म्हणायचा हक्क देवरावचा होता, तुझा नाही.